मोहरीएवढी पृथ्वी

२०२५ सालच्या जानेवारी महिन्यातील एका शनिवारची सायंकाळ. शब्बाथ सरण्याची वेळ जवळ आली होती आणि क्वीन्समधील आमच्या इमारतीच्या मागील अंगणात आम्ही घरची सारी मंडळी थंडीने कुडकुडत आकाशाकडे पाहत उभी होतो. आमच्या पाच वर्षांच्या नातीला तीन तारे मोजण्याची मोठी हौस. तिने नैर्ऋत्येस एक ठळक चांदणी पाहिली, वर उंचावर दुसरी पाहिली आणि पूर्वेकडे तांबूस रंगाची तिसरी. "तीन झाले! शब्बाथ संपला!" असे म्हणून ती टाळ्या पिटू लागली. तोच तिचा नऊ वर्षांचा भाऊ म्हणाला, "ते तारे नाहीतच. ते व्हीनस, ज्युपिटर आणि मार्स आहेत. ते लुकलुकत नाहीत बघ. शब्बाथ अजून संपलेला नाही." नात रडकुंडीस आली आणि दोघेही आमच्या तोंडाकडे पाहू लागली. ग्रह मोजावयाचा की नाही?

वाचकहो, खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांस उत्तर देता आले नाही. शाळेत नऊ ग्रहांची नावे आम्ही तोंडपाठ केली होती. पण त्यांतील तीन ग्रह डोळ्यांसमोर उभे असता आम्हांस एकही ओळखता आला नव्हता. उत्तर आले ते अनपेक्षित बाजूने. आमच्या मातोश्री, म्हणजे मुलांच्या पणजी, शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ती शुक्राची चांदणी. ती उजेड असतानाच दिसायला लागते. तिला कोण मोजतं?"

पुढे आम्ही ग्रंथ धुंडाळले, तेव्हा तालमूदमध्ये हाच विचार आढळला. दिवसाउजेडीच दिसणारे मोठे तारे रात्र ठरविण्यास चालत नाहीत, आणि काळोख गडद झाल्यावरच दिसणारे बारीक तारेही नकोत; मध्यम आकाराचे तीन तारे पाहावेत, असे तेथे सांगितले आहे. आजकाल आपण सर्वच छापील वेळापत्रकावरून शब्बाथची वेळ पाहतो हे खरे. परंतु अलिबागजवळच्या खेड्यात लहानपण घालविलेल्या आमच्या मातोश्रींना जे आकाश पाहून ठाऊक होते, ते आम्हांस पुस्तकातून शोधावे लागले, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. प्रस्तुत लेखाचा उगम त्या सायंकाळी झाला.

पाठांतर वेगळे, समज वेगळी

मुलांना ग्रह शिकवावयाचे म्हणजे नावांची माळ पाठ करून घ्यावयाची, अशी आपली जुनी समजूत आहे. पाठांतराला आम्ही नावे ठेवीत नाही. आपल्या प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्या पाठांतरानेच. परंतु नाव पाठ झाले म्हणजे वस्तू समजली असे नव्हे.

या विषयावर अमेरिकेत बराच अभ्यास झालेला आहे. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नुसबाउम आणि जोसेफ नोव्हाक या दोघांनी दुसरीतील मुलांशी बोलून १९७६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पृथ्वी गोल आहे असे मुले बिनचूक सांगत. परंतु खोलात जाऊन विचारले असता, पायांखालची जमीन सपाटच आहे आणि 'गोल पृथ्वी' कोठे तरी दुसरीकडे आहे, असे अनेकांच्या मनात असल्याचे दिसून आले. पुढे १९९२ साली स्टेला व्होस्निआडू आणि विल्यम ब्रूअर यांनी इलिनॉयमधील मुलांचा असाच अभ्यास केला. त्यांना काही मुले अशी भेटली, की ज्यांच्या मते पृथ्वी हा पोकळ गोळा असून आपण त्याच्या आत, सपाट तळावर राहतो. मुलांनी मोठ्यांचे शब्दही मोडले नव्हते आणि डोळ्यांना दिसणारी सपाट जमीनही सोडली नव्हती. दोहोंची आपल्या परीने सांगड घातली होती.

मोठी माणसेही यातून सुटलेली नाहीत. १९८७ साली तयार झालेल्या एका प्रसिद्ध शैक्षणिक चित्रपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या पदवीधरांना पदवीदान समारंभाच्या दिवशीच विचारले गेले, की उन्हाळा आणि हिवाळा का होतात? बहुतेकांनी आत्मविश्वासाने सांगितले, की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा होतो. वस्तुस्थिती अशी, की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण न्यूयॉर्कला बर्फ उपसत असतो तेव्हा!

आमची एक चूक

आमच्याकडून झालेली चूकही येथे सांगणे प्राप्त आहे. नातवंडांच्या खोलीत आम्ही रंगीत चेंडूंची एक सूर्यमाला दोऱ्यांनी टांगली होती. मधोमध संत्र्याएवढा पिवळा सूर्य, शेजारी लिंबाएवढी निळी पृथ्वी, मग इतर ग्रह, सर्व एका ओळीत. दिसावयास फार सुरेख! काही दिवसांनी नातीला विचारले, "सूर्य केवढा?" ती म्हणाली, "पृथ्वीपेक्षा थोडासा मोठा." "आणि किती दूर?" तिने दोन्ही हात पसरून दाखविले. तिचा काहीच दोष नव्हता. आम्ही जे टांगले होते तेच ती वाचीत होती. खेळ शिकवितो हे खरे. पण तो चुकीचेही तितक्याच सहजतेने शिकवितो. सबब मोजमापाचा खेळ करावा असे आम्ही ठरविले.

डब्यांतील सूर्यमाला

गाय ऑटवेल नावाच्या लेखकाने १९८९ साली असा एक खेळ प्रसिद्ध केला. त्यात पृथ्वीला मिरीचा दाणा कल्पून सर्व ग्रह मैदानावर पावलांनी मोजून ठेवावयाचे असतात. अमेरिकेतील असंख्य शिक्षकांनी तो खेळला आहे. त्याच्या हिशेबात पृथ्वीचा व्यास सुमारे २ मिलिमीटर येतो. हे ऐकताच आमच्या मातोश्री म्हणाल्या, "मिरी एवढी बारीक कुठं असते? ही तर मोहरी झाली." मोजपट्टी लावून पाहिली तेव्हा त्यांचेच बरोबर ठरले. मग त्यांनी फडताळातील डबे काढावयास लावले आणि आमची सूर्यमाला फोडणीच्या डब्यातून तयार झाली ती अशी:

सूर्य: आपण ज्याला फुटबॉल म्हणतो आणि येथे ज्याला सॉकरचा चेंडू म्हणतात तो, व्यास २२ सेंटिमीटर.
बुध: खसखशीचा दाणा, सूर्यापासून ९ ढांगा.
शुक्र: मोहरी, १७ ढांगा.
पृथ्वी: मोहरी, २४ ढांगा.
मंगळ: राजगिऱ्याचा दाणा, ३६ ढांगा.
गुरू: सुपारी, १२३ ढांगा.
शनी: द्राक्ष, २२६ ढांगा.
युरेनस: पांढरा वाटाणा, ४५३ ढांगा.
नेपच्यून: दुसरा पांढरा वाटाणा, ७१० ढांगा.

ढांग म्हणजे मोठ्या माणसाचे लांब पाऊल, सुमारे एक मीटर. आणि या मापात एक मीटर म्हणजे सुमारे ६३ लाख किलोमीटर. शनीची कडी कागदाची कापावीत. ती सुमारे सव्वाचार सेंटिमीटर रुंद भरतात. चंद्र म्हणजे रव्याचा एक कण, आणि तो पृथ्वीच्या मोहरीपासून फक्त ६ सेंटिमीटरांवर ठेवावयाचा. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तो एवढा प्रवास करून!

पहिला खेळ घरातच झाला. फुटबॉलच्या रुंदीएवढी कागदाची पट्टी कापून तिच्यावर डिंकाने मोहरीचे दाणे एकापुढे एक चिकटवावयाचे. सूर्याच्या व्यासावर १०९ पृथ्व्या मावतात, असे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. ती ओळ मुलांनी अर्धा तास खपून बोटांनी वाचली. मातोश्रींचा हात आयुष्यभर सुपात धान्य निवडून सरावलेला. त्यांच्या मोहऱ्या सरळ रांगेत बसत, मुलांच्या घरंगळत. पट्टी संपली तेव्हा नात बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "यातल्या एका मोहरीवर आपण सगळे?"

मैदानावर

दुसऱ्या खेळासाठी आम्ही एका रविवारी तीन-चार कुटुंबांसह उद्यानात गेलो. प्रत्येक दाणा एका पुठ्ठ्यावर चिकटविलेला, कारण गवतात पडलेली मोहरी कोणासही सापडावयाची नाही. सूर्यापाशी एक मूल उभे केले आणि उरलेली मंडळी मोठ्याने ढांगा मोजीत निघाली. मंगळापर्यंत सर्वांचा उत्साह दांडगा. मंगळ ते गुरू या ८७ ढांगांत मुले कंटाळू लागली आणि शनीपर्यंत पोहोचताना "अजून किती?" असे विचारू लागली. हाच खरा धडा होय! अवकाश म्हणजे मुख्यत्वे रिकामी जागा, ही गोष्ट भिंतीवरच्या तक्त्याने कधीच समजली नसती. ती पायांना समजली. नेपच्यून सुमारे ७१० मीटरांवर येतो, म्हणजे मॅनहॅटनमधील नऊएक ब्लॉक. तेथून मागे वळून पाहिले तर सूर्य झालेला फुटबॉल दिसेनासा होतो.

प्रकाशाची गती कशी सांगावी? खऱ्या सूर्यापासून पृथ्वीवर प्रकाश यावयास सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. आमच्या मापात त्याने तेवढ्या वेळात २४ ढांगाच चालावयाच्या. सेकंदाला पाच सेंटिमीटरांहूनही कमी, म्हणजे लगबगीने चालणाऱ्या मुंगीची चाल. नातवाने फुटबॉलपासून पृथ्वीपर्यंत मुंगीसारखे चालून पाहिले आणि दोन मिनिटांत हात टेकले.

मग त्याने विचारले, "आणि सगळ्यांत जवळचा तारा कुठे ठेवायचा?" आम्ही कागदावर हिशेब मांडला. प्रॉक्झिमा हा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. आमच्या मापात तो एका लहान लिंबाएवढा भरतो आणि ते लिंबू येथून सुमारे ६,३०० किलोमीटरांवर ठेवावे लागते. न्यूयॉर्कहून मुंबईला निघावे तर हे जवळजवळ निम्म्या वाटेवर येते. हे ऐकून मातोश्री हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे गावाला जाताना मध्यावर एक लिंबू, आणि मध्ये काहीच नाही." ज्यांनी तो प्रवास मागे न वळता केला आहे, त्यांना हे अंतर अधिक समजावून सांगावयास नको.

फुगडी, गोफण आणि घाणा

आकारमान व अंतर समजले. परंतु ग्रह फिरतात कसे? येथे आपल्या मुलुखातील जुने खेळच उपयोगी पडले.

गोफणीत दगड घालून ती गरगर फिरविली म्हणजे दोरी दगडाला आत ओढून धरते. सोडली की दगड सरळ निघून जातो. सूर्याची ओढ ही ग्रहांची दोरी. कोकणात पाखरे हाकावयास शेतकरी जी गोफण वापरतो, तीच दाविदाच्या हातात होती, एवढे सांगितल्यावर मुलांना अधिक काही सांगावे लागले नाही. दगडाऐवजी मोज्यांचा बोळा घ्यावा, एवढीच सूचना.

फुगडी खेळताना दोघी एकमेकींच्या तोंडाकडेच पाहत असतात आणि मागचे जग गरगरत असते. चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते, हे याहून सोपे करून सांगता येत नाही. चंद्र पृथ्वीकडे तोंड करून फिरतो. पृथ्वी मात्र त्याच्याकडे तोंड धरून ठेवीत नाही. प्लुटो आणि त्याचा उपग्रह शॅरन यांची मात्र खरीखुरी फुगडी आहे. दोघेही सतत एकमेकांसमोर असतात.

घाण्याची आठवण मातोश्रींनी काढली. त्यांच्या आजोळी घाणा होता. डोळ्यांना झापडे लावलेला बैल दिवसभर लाटेभोवती फिरे. मुलांनी घाणा कधी पाहिलेला नाही. म्हणून दिवाणखान्यात खुर्चीवर दिवा ठेवून आम्ही त्यांना त्याभोवती फिरविले. आतल्या वाटेवरचा ग्रह चटचट फिरतो, बाहेरचा संथ. बुधाची फेरी ८८ दिवसांची, शुक्राची २२५, पृथ्वीची ३६५, मंगळाची ६८७. गुरूला सुमारे १२ वर्षे लागतात आणि शनीला साडेएकोणतीस. मग प्रत्येकाचे वय त्या त्या ग्रहावर मोजले. पाच वर्षांची नात बुधावर वीस वर्षांची निघाली आणि लगेच मोठ्यांसारखी बोलू लागली. नऊ वर्षांचा नातू गुरूवर अजून एक वर्षाचाही नाही, हे त्याला मुळीच रुचले नाही. आणि शहाऐंशी वर्षांच्या पणजी शनीवर तीन वर्षांच्यासुद्धा नाहीत, हे कळताच दोघांनी त्यांना 'बाळ' म्हणावयास सुरुवात केली.

शनीविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. आपल्या शेजारपाजारी साडेसातीची धास्ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे गणित साधे आहे. शनीला बारा राशींतून फिरावयास साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे असतो. तीन राशींची मिळून साडेसात. 'शनैश्चर' या शब्दाचा अर्थच हळू चालणारा असा आहे. त्याचा कोणावर रोष नाही; त्याची वाट लांब आहे, इतकेच.

आणि हाच शनी आपल्या इतिहासातही आहे. हिब्रूत त्याचे नाव शब्बताई, शब्बाथवरून पडलेले. मराठीत त्याचा वार शनिवार, इंग्रजीतही सॅटर्नचाच वार सॅटर्डे. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. नातवाने हे ऐकले आणि म्हणाला, "म्हणजे आपण सॅटर्नचे लोक!" आम्ही त्याची समजूत घातली, की आपण शनीची पूजा करीत नाही, आपण त्या दिवशी विश्रांती घेत होतो आणि त्यावरूनच जगाने आपल्याला ओळखले. पण त्या दिवसापासून दुर्बिणीतून कडी पाहिली की त्याला आपले गाव आठवते, याचे आम्हांस समाधान आहे.

चंद्र, सण आणि झारा

चंद्राच्या कलांसाठी एक बटाटा, एक काडी आणि शेड काढलेला दिवा पुरे. खोलीत अंधार करावा. मुलाने काडीला टोचलेला बटाटा हात लांब करून डोक्याहून किंचित उंच धरावा आणि स्वतःभोवती सावकाश फिरावे. दिव्याकडे तोंड असता बटाट्याची आपल्याकडील बाजू काळी: रोश होदेश. दिव्याकडे पाठ होताच पूर्ण उजळ: पौर्णिमा. पेसाह आणि सुक्कोथ पंधराव्या दिवशी येतात, म्हणजे पूर्ण चंद्राच्या प्रकाशात; हनुक्का पंचविसाव्या दिवशी, चंद्र रोडावलेला असताना. आपले सण आकाशात वाचता येतात, हे मुलांनी त्या बटाट्यावरून ताडले.

आपल्या पूर्वजांनी पुरीमला 'होळीचा सण' म्हटले, त्याचे कारणही येथेच सापडते. पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, होळी फाल्गुनी पौर्णिमेस. दोन्ही पंचांगे चंद्रावर महिने मोजतात, दोहोंचे चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडे पडते, म्हणून दोहोंतही मधूनमधून एक महिना अधिक धरतात. हिब्रू पंचांगात १९ वर्षांत असे ७ अधिक महिने येतात. म्हणूनच पुरीम आणि होळी बहुधा शेजारी राहतात.

८ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेत सूर्यग्रहण झाले. टेक्सासपासून मेनपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास होते. न्यूयॉर्क शहरात सूर्याचा सुमारे नऊ-दशांश भाग झाकला गेला. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. आम्ही ग्रहणाचे चष्मे आणलेच होते. पण खरी गंमत केली ती बुंदी पाडण्याच्या झाऱ्याने. झारा उन्हात धरताच त्याच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर सूर्याची एकेक चिमुकली कोर उमटली. पदपथावर शेकडो चंद्रकोरी! जाणारे-येणारे अमेरिकन शेजारी थांबून पाहू लागले. आणि त्याच सायंकाळी निसानचा रोश होदेश लागला. सूर्यग्रहण अमावास्येसच का होते, हे आता मुलांना बटाट्यावरूनच सांगता येते.

जुनी नावे, नवी नावे

आम्ही नऊ ग्रह शिकलो; मुले आठ सांगतात. घरोघरी यावरून वाद झडतात. १९३० साली ॲरिझोनातील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांनी प्लुटो शोधला. न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणाची नवी वास्तू २००० साली उघडली, तेव्हा तेथे प्लुटोला मोठ्या ग्रहांच्या पंक्तीतून वगळले होते. त्यावर देशभरातील लहान मुलांनी रागाची पत्रे पाठविली. २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने त्यास बटुग्रह ठरविले. मुलांना हेही अवश्य सांगावे. विद्या ही पाठ केलेली यादी नसून शोध लागेल तशी सुधारत जाणारी गोष्ट आहे, हे प्लुटोइतके चांगले कोण शिकवील?

प्रत्येक ग्रहाची तीन नावे आम्ही पुठ्ठ्यांवर लिहिली: इंग्रजी, मराठी आणि हिब्रू. शुक्र म्हणजे नोगा, तेज. मंगळ म्हणजे मआदीम, लालीवरून. गुरू म्हणजे त्सेदेक, न्याय. युरेनस आणि नेपच्यून यांस हिब्रू नावे नव्हती. २००९ साली हिब्रू भाषा अकादमीने जनतेचा कौल घेऊन त्यांस ओरोन आणि राहाव ही नावे दिली. 'मझल' या शब्दाचा मूळ अर्थही नक्षत्र असाच आहे, तेव्हा लग्नाकार्यात 'मझल टोव' म्हणताना आपण आकाशाचेच नाव घेतो.

पालकांसाठी चार शब्द

हे सारे खेळ स्वस्त आहेत, पण सावधगिरी हवी. तीन-चार वर्षांखालील मुलांच्या हाती वाटाणे, सुपारी, द्राक्षे देऊ नयेत. ती घशात अडकतात. एका दिवशी एकच खेळ करावा. उत्तर सांगण्याची घाई करू नये, आधी मुलास विचारावे, "तुला काय वाटते?" त्याच्या उत्तरातच त्याच्या मनातील पृथ्वीचा आकार दिसतो.

ज्यांस प्रवास शक्य आहे, त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील सूर्यमालेची पायवाट मुलांना अवश्य दाखवावी. ब्रुकलिनमधील यहुदी कुटुंबात जन्मलेले आणि कॉर्नेल येथे अध्यापन केलेले कार्ल सेगन यांच्या स्मरणार्थ ती १९९७ साली उभारली गेली. तेथे सर्व मापे ५०० कोटी पटींनी लहान केली आहेत. २०१२ साली तिच्यात सर्वांत जवळच्या ताऱ्यांचा टप्पाही जोडण्यात आला; तो हवाई बेटावर आहे! वॉशिंग्टनमध्येही २००१ साली अशी एक मालिका स्मिथसोनियनच्या संग्रहालयांजवळ उभारण्यात आली. शिकागोचे ॲडलर तारांगण १९३० साली उघडले; पश्चिम गोलार्धातील ते पहिले, आणि त्यास देणगी देणारे मॅक्स ॲडलर हे आपलेच यहुदी बांधव. तेथे १९१३ सालचा एक प्रचंड पोकळ गोल ठेवलेला आहे. त्याच्या पत्र्यात ६९२ भोके पाडली असून आत बसले की त्यांतून येणारा बाहेरचा उजेड ताऱ्यांसारखा दिसतो. घरी रिकाम्या डब्याला खिळ्याने भोके पाडून आत टॉर्च ठेवली की छतावर तसेच तारे उमटतात. सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण आणि पुण्यात 'आयुका' संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका पाहावी. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करावीत, हे अरविंद गुप्ता यांनी तेथेच असंख्य मुलांना दाखविले.

एक गोष्ट मात्र कोणत्याही तारांगणात मिळणार नाही. आमच्या घरी मातोश्री आणि नातवंडे एकाच छपराखाली राहत असूनही अनेक वर्षे एकमेकांस परकी होती. मुलांना मराठी जेमतेम कळे, त्यांना इंग्रजी जेमतेम. मुले जेवून आपल्या खोलीत जात आणि त्या खिडकीपाशी बसत. मोहरी, खसखस, राजगिरा, रवा, झारा, गोफण हे शब्द या खेळांतून मुलांच्या तोंडी बसले, कारण त्या शब्दांवाचून खेळच होईना. ज्या ज्ञानाचा या देशात काही उपयोग नाही असे मातोश्रींस वाटू लागले होते, त्याच ज्ञानाने मुलांना आकाश दाखविले. आपल्यापैकी अनेक घरांत अशी एखादी खिडकीपाशी बसलेली आजी किंवा पणजी असेल. तिला फोडणीचा डबा घेऊन मुलांत बसवावे, एवढीच आमची विनंती आहे.

येत्या सुक्कोथच्या सणात सुक्क्याच्या पानांतून तारे दिसतात की नाही, हे आपण पाहणारच आहोत. त्या रात्री मुलांना विचारावे, त्यांतील तारा कोणता आणि ग्रह कोणता. आमच्या नातीने तर आता नियमच केला आहे. शनिवारी ती पणजींचा हात धरून अंगणात येते, आधी शुक्राची चांदणी शोधते आणि ती असली तर बजावून सांगते, "ही मोजायची नाही." मग दोघी मिळून खरे तीन तारे मोजतात.